टू वे, थ्री वे आणि सत्यभामाबाईंची भुवई

शेखरनं पुण्याहून फोनवर एक वाक्य म्हटलं आणि इकडे बुलढाण्यात त्याच्या वडिलांनी लाउडस्पीकर बांधायला घेतले. वाक्याचा आणि लाउडस्पीकरचा वरवर पाहता काही संबंध नव्हता. पण हिंमतरावांनी सगळी नोकरी भूमी अभिलेखात, शेतांची मोजणी करण्यात घालवली होती, आणि मोजणीवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की भांडण असतं बांधावरच्या बाभळीचं आणि खुन्नस असते आजोबांच्या लग्नातली.

वाक्य असं होतं: "बाबा, आईला आता काही कळत नाही."

सत्यभामाबाईंना लकवा मारला त्याला एक अख्खा पावसाळा उलटून गेला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचा पलंग, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पलंगावर हवेची गादी, आणि गादीत हवा भरत दिवसभर घूं घूं करणारा एक पंप. डोळे उघडे असत आणि छताकडे लागलेले असत. बोललेलं त्यांना कळतं की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. ते नुसते मान तिरकी करत आणि पुढची तारीख देत. शेखर आणि त्याची बायको अनुपमा यांनी पुण्याजवळ एक केंद्र पाहून ठेवलं होतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेखर गाडी घेऊन येणार होता आणि आईला घेऊन जाणार होता.

"चांगलं केंद्र आहे बाबा. नर्स असतात, बाग आहे."

"बाग कोणाले? तुह्या म्हणण्यानं तं तिले काही समजतच नाई."

"तसं नाही हो."

"समजते तिले. सगळं समजते."

"कशावरून?" शेखरनं विचारलं. "एक पुरावा द्या मला. तिला कळतंय असं मला दिसलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

पुरावा हा शब्द हिंमतरावांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना भर उन्हात बांधावर उभं करून ते विचारत, पुरावा काय? आणि ते बिचारे आभाळाकडे बोट दाखवत. आता हिंमतरावांनी फोन ठेवला आणि छताकडे पाहिलं. छताकडे सत्यभामाबाई आधीपासून पाहतच होत्या.

आता सत्यभामाबाईंच्या कानाविषयी सांगायला हवं. तो कान साधा नव्हता. त्यांचं माहेर धामणगाव बढ्याचं, घरात भजनी मंडळ, आणि पेटीचा एक सूर दबका लागला तर लहानपणी या पोरीचं जेवण अडायचं. बुलढाण्यात तबला उतरला म्हणून भर कीर्तनातून उठून घरी आलेली ही एकमेव बाई. कुकरच्या शिट्टीवरून शेजारच्या सारिकाच्या घरी डाळ तुरीची आहे की मुगाची हे त्या सांगत. यातला थोडा भाग हिंमतरावांनी नंतर वाढवलेला असेल, पण डाळीचं खरं होतं.

त्यामुळे एका सकाळी जे घडलं त्याचं हिंमतरावांना नवल वाटलं नाही. टेबलावरच्या जुन्या रेडिओचा आतला पडदा फाटलेला होता. भजन लागलं होतं. गाणारा खर्जात उतरला की रेडिओ फर्र करायचा. आणि दर फर्रला सत्यभामाबाईंची डावी भुवई वर जाऊन खाली येत होती. हिंमतरावांनी रेडिओ बंद केला, भुवई शांत. लावला, भुवई वर. त्यांनी घाईघाईनं शेखरला फोन केला.

"माशी बसली असेल," शेखर म्हणाला.

जन्मदात्या बापाच्या पुराव्यावर माशी बसवणारा हा मुलगा आपणच इंजिनिअर केला, या विचारानं हिंमतरावांचं त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते उठून थेट युसूफभाईंच्या दुकानात गेले.

युसूफभाईंचं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, उद्घाटन, वाढदिवस आणि मयत. शेवटच्या खात्यात त्यांचा धंदा सगळ्यात भरवशाचा होता. गावात कोणाच्याही घरी कोणी गेलं की सकाळी युसूफभाईंचा टेम्पो त्या दारात लागे, काळा बॉक्स उतरे आणि त्यातून गीतेचे अध्याय सुरू होत. लोक पेपरातल्या बातमीवर विश्वास ठेवत नसत, पण युसूफभाईंचा बॉक्स उतरला म्हणजे माणूस नक्की गेला.

"फाटक्या आवाजाले भुवई उचलली, यात काय पुरावा?" युसूफभाई म्हणाले. "फाटक्या आवाजाले तं कुत्रंबी कान उचलते. माफ करजा, भाबीले नाई म्हणून राह्यलो."

"मंग?"

"दोन्ही आवाज चांगले पायजेत. अन् त्यातला फरक जर भाबीनं दाखवला, तं मंग शेखर काय, शेखरचा साहेबबी नाई म्हणू शकत नाई."

दोन चांगल्या आवाजांतला फरक म्हटल्यावर दोघांच्याही डोक्यात एकच आलं. टू वे की थ्री वे, यावरून त्यांचा वाद इतका जुना होता की चहावाल्यानं त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायला सुरुवात केली होती.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टू वे म्हणजे एका खोक्यात दोन तोंडं, खाली वूफर, वर ट्वीटर. जाडा आवाज खालच्यानं काढायचा, बारीक वरच्यानं. थ्री वेमध्ये मधोमध तिसरं तोंड, मिडरेंज. माणसाचा गळा बहुतेक त्याच्या वाट्याला. कोणाचं कुठून कुठपर्यंत हे ठरवणारी खोक्याच्या आत जी तारांची गुंडाळी असते तिला सगळं जग क्रॉसओव्हर म्हणतं. हिंमतराव तिला धुरा म्हणत, म्हणजे दोन वावरांमधला बांध.

"दोन भावांच्या वावरात एकच धुरा. तंटा झाला तं एका जागी," ते म्हणत. "तीन भाऊ झाले की धुरे दोन, अन् मधला दोन्हीकडून भांडते. माणसाचा गळा अशा वावरात सोडला की त्याचे तुकडे पडतात."

"उलटं हाय, हिंमतराव. टू वेमंधी धुरा बरोबर गळ्यावरूनच जाते. मधल्याले त्याचं सोतंत्र वावर द्या, गळा आख्खा राह्यते. अन् वूफरच्या डोक्यावरचं ओझंबी उतरते."

"अन् माह्या एवढ्याशा खोलीत? थ्री वेले मागं सरकून ऐका लागते. जवळ बसलं की तीन तोंडं तीन जागून बोलतात, ग्रामसभेसारखी."

असा तो वाद. आता पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग होणार होता. एकाच मापाचे, एकाच लाकडाचे दोन्ही जोड बांधायचे, मधे चादर टांगायची म्हणजे कोणता वाजतोय ते दिसणार नाही, आणि भुवई काय म्हणते ते पाहायचं. भुवईनं दर वेळी एकाच जोडाला कौल दिला, म्हणजे ती बाई जागी आहे.

खोके करायला हरिओम सुताराला बोलावलं. हरिओम दारं, चौकटी, देव्हारे आणि वेळ पडली तर तिरडीही बांधायचा. खोका म्हटलं की मात्र त्याला शोकेसच दिसे. टू वेच्या खोक्यांना त्यानं काचेची झडप लावली. "धूळ नाई बसत," तो म्हणाला. थ्री वेचे खोके इतके उंच झाले की उभे केल्यावर दारात दोन पाहुणे येऊन अवघडून उभे आहेत असं वाटे, आणि त्यांना त्यानं बाहेरून कडी लावली होती.

"कडी कायले रे?"

"राहू द्या काका. जागा हाय आतमंधी, कामी येते."

झडपा उतरवण्यात, कड्या काढण्यात आणि कड्यांची भोकं बुजवण्यात दसरा गेला. शेजारचे दीपकराव रोज येऊन पाहून जात. दीपकराव कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, निवृत्त, तब्येतीनं ठणठणीत, आणि त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात भरपूर वेळ असलेले. त्यांनी सल्ला दिला की तीन तोंडाची वस्तू ईशान्येला ठेवू नये. हिंमतरावांनी ती नैर्ऋत्येला ठेवली. मग ते म्हणाले, नैर्ऋत्येला तर मुळीच नको, त्यांच्या मेव्हण्याच्या घरी तिथं फ्रीज होता आणि मेव्हणा गेला.

पहिल्या दिवशी थ्री वे लावला आणि स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी मांडणीवरून चालत चालत कडेला आली. दीपकरावांचं म्हणणं, मागच्या गोठ्यातल्या म्हशीनं त्याच दिवशी दूध चोरलं. म्हैस आधीच भाकड होती, पण कॉलनीला तेवढं पुरलं. ठाण्यातून बोलावणं आलं. घरात का होईना, पण लाउडस्पीकर आहे, तर परवानगी लागेल, असं जमादाराचं मत पडलं. हिंमतराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सरकारी नोकरी केलेला माणूस सरकारी टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला की कसा दिसतो, ते तिथं सगळ्यांनी पाहिलं.

"कार्यक्रम कोणता?" जमादारानं विचारलं.

"कार्यक्रम नाई. तुलना हाय."

"तुलना म्हंजे, बसवता कोणाले? गणपती तं झाले."

"दोन स्पीकरची तुलना."

"अध्यक्ष कोण?"

हिंमतरावांनी थोडा विचार केला. "माही बायको," ते म्हणाले.

"त्याइची सही लागन."

जमादारानं वर पाहिलं, हिंमतरावांचा चेहरा पाहिला, आणि "जा घरी, पण हळू वाजवा," असं म्हणून पुढच्याला बोलावलं. ही दया त्यांना दंडापेक्षा जास्त लागली.

आणि मग परीक्षा सुरू झाल्या. युसूफभाई चादरीच्या अलीकडे स्विचवर, हिंमतराव पलीकडे पलंगाशी, चष्मा पुसून, भुवईवर डोळा ठेवून.

"शेखरच्या माय, ऐकून राह्यली ना? हा एक. अन् हा दुसरा."

पहिल्या संध्याकाळी भुवई टू वेला तीनदा हलली. हिंमतरावांनी चादरीवरून विजयी हात वर केला. मग चौथ्यांदा ती दोन्ही बंद असताना हलली. दुसऱ्या दिवशी थ्री वेला हलली, आणि युसूफभाई कौल मिळाला म्हणून पेढे आणायला निघाले, तेवढ्यात कपाळावरून डास उडाला. शेखरच्या माशीची हिंमतरावांना आठवण झाली. त्यांनी मच्छरदाणी लावली. मच्छरदाणीतून भुवई दिसेना.

खरा घोळ पंपाचा होता. गादीच्या पंपाची घूं घूं नेमकी मिडरेंजच्या वावरात येते, असं युसूफभाईंनी काढलं. म्हणून वाजवताना पंप बंद करायचा ठरलं. एका दुपारी दोघांचं चांगलंच जुंपलं. गळा कुठं फाटतो, धुरा वर घ्यावा की खाली. सारिका वाटीत पेज घेऊन आली, चादरीमागं गेली आणि तशीच थबकली.

"काका," ती म्हणाली, "गादी बसली हो."

गादीतली सगळी हवा गेली होती. सत्यभामाबाई पलंगाच्या फळीवर टेकल्या होत्या. किती वेळ, ते कोणाला माहीत. भुवई जागच्या जागी होती, डोळे छताकडे. हिंमतरावांनी पंप लावला आणि गादी पुन्हा वर येईपर्यंत तिथं उभे राहिले. गादी फार हळू फुगते. सारिकानं काकूंना कुशीवर वळवलं, पाठ पाहिली आणि पदरानं झाकली. युसूफभाईंनी चपला घातल्या आणि न सांगता निघून गेले.

एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता. पण रविवार तोंडावर आला होता आणि हातात पुरावा नव्हता. त्यात शनिवारी ॲम्प्लिफायरनं धूर सोडला आणि तो गेला.

रविवारी सकाळी युसूफभाई दुसरा ॲम्प घेऊन आले. चिखली रोडवरच्या एका घरची मयत आटोपून ते थेट तिथूनच आले होते. रात्रभर झोप नाही, डोळे लाल, अंगात पांढरा कुडता. टेम्पो दारात लागला. काळा बॉक्स उतरला. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून ॲम्पमध्ये जो पेनड्राइव्ह होता तोच त्यांनी चालू केला. पंधरावा अध्याय. खणखणीत पुरुषी आवाज, सोबत फक्त तंबोरा.

"वा," हिंमतराव म्हणाले. "परीक्षेले याच्याहून चांगलं काही नाई. गळा उघडा पडते."

आणि ते चादरीमागं गेले.

समोरच्या गॅलरीत दीपकराव दात घासत होते. त्यांनी टेम्पो पाहिला, बॉक्स पाहिला, युसूफभाईंचे डोळे पाहिले, आणि अध्याय ऐकला. तोंडातला फेस थुंकून ते आत गेले. शोकसंदेशात त्यांचा हात धरणारा कॉलनीत कोणी नव्हता. चूळ भरायच्या आत ग्रुपवर सत्यभामाबाईंचा फोटो पडला होता, हार घातलेला, खाली पणती, "प्रदीर्घ आजाराने" आणि "राहत्या घरून". फोटो लग्नाच्या वाढदिवसाचा होता. त्यातून हिंमतरावांना कापून टाकलं होतं, पण सत्यभामाबाईंच्या खांद्यावरचा त्यांचा हात तेवढा राहून गेला होता.

लोक यायला लागले. बायका भिंतीकडेला बसल्या, पुरुष दाराशी. चादर टांगलेली पाहून कोणी पलीकडे गेलं नाही. अशा वेळी चादरीचा अर्थ कोणी विचारत नाही. हिंमतराव स्विच पाहायला अलीकडे आले तर खोली भरलेली. त्यांना मनापासून बरं वाटलं. इतके दिवस ज्यांनी भिंती ठोकल्या तीच माणसं आज मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती.

दीपकरावांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कवा झालं?"

हिंमतरावांना वाटलं, ॲम्पचं विचारतात. "काल. दिवे लागायच्या टायमाले."

"त्रास झाला का लय?"

"अचानकच. आधी घरघर, मंग धूरच निघाला."

दीपकराव खाली बसले.

"आलेच आहात तं नीट ऐका सगळे," हिंमतराव म्हणाले. "हा पहिला. याच्यात छाती भरून येते. अन् हा दुसरा, याच्यात गळा मोकळा होते. कोणता बरा वाटते?"

एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "दोन्ही चांगलेच हायेत बापा," ती म्हणाली. "आता तू जिवाले लावून घेऊ नको."

माणसाचं डोकं फिरलं असं दाराशी कुजबुजणं सुरू झालं. तेवढ्यात हरिओम आला, खांद्यावर दोन हिरवे बांबू आणि बगलेत सुतळी.

"हे कायले आणलं?" हिंमतरावांनी विचारलं. "खोके तं झाले."

हरिओमनं दीपकरावांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "माप घ्या लागन काका."

"कायचं माप?"

"काकूचं."

हिंमतरावांना कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बायका उठल्या होत्या. अंघोळीचं पाणी मागच्या अंगणात तापत होतं. सारिका पुढं झाली, तिचा पाय वायरीत अडकला, तिनं सावरायला चादर धरली आणि चादर दोरीसकट खाली आली.

सत्यभामाबाई सगळ्यांकडे पाहत होत्या. छताकडे नव्हे, सगळ्यांकडे. पापणी लवली.

मग जे सुरू झालं त्याला नाव नाही. एक बाई किंचाळत मागं सरली ती म्हातारीवर पडली. कोणी म्हणालं नाडी पाहा, कोणी म्हणालं डोळे मिटवा आधी. कोणी नाकाशी धरायला आरसा मागत होतं. दोन माणसं हरिओमला बांबू बाहेर ने म्हणून सांगत होती आणि दोन माणसं राहू दे म्हणून. दीपकराव मोबाइल डोळ्याशी धरून पुन्हा पुन्हा सांगत होते की मेसेज आता डिलीट होऊन नाई राह्यला. आणि या सगळ्यात फाटकापासून रडत शेखर आत आला. त्याला देऊळगाव राजाच्या अलीकडे मोबाइलवर आईचा हार घातलेला फोटो मिळाला होता. तिथून तो गाडीत रडत आला होता. कोणाकडे न पाहता तो पलंगाच्या पायथ्याशी कोसळला आणि आईच्या पायांवर डोकं घासू लागला.

हिंमतराव पलंगाशी गेले. सवयीनं त्यांनी आधी भुवई पाहिली. ती वर होती. आज दोन्ही भुवया वर होत्या. मग त्यांना ओठ दिसले. डाव्या बाजूनं ओठ हलत होते, काहीतरी गोळा करत होते. हिंमतरावांनी हात वर केला. मोजणीच्या वेळी भांडणाऱ्या गावांवर ते असा हात वर करत. खोली हळूहळू गप्प झाली, शेखरनं डोकं वर केलं.

"गोंगाट," सत्यभामाबाई म्हणाल्या.

शब्द जड होता, कडेला घसरलेला, पण शब्द होता. पावसाळ्याआधीपासूनचा पहिला.

हिंमतरावांनी मुलाकडे पाहिलं. या क्षणासाठी त्यांनी मनात बरंच काही जमवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं: "पुरावा."

शेखर रडत होता, हसत होता, आईचा हात गालाला लावत होता. मग तो अंगणात जाऊन अनुपमाशी बोलला, अनुपमा केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलली, आणि आत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

"बाबा, डॉक्टर म्हणतात शब्द आला म्हणजे आणखी येतील. रोज शिकवायला माणूस लागतो, शांत जागा लागते. वेळ घालवू नका म्हणाले. आजच निघतो."

"तू म्हणला होता विषय काढणार नाई."

"तेव्हा मला वाटत होतं तिला काही कळत नाही. कळतच नसतं, तर कुठंही ठेवली असती हो. आता कळतंय. आता तिला या सगळ्यात कशी ठेवू?" त्यानं खोलीवरून नजर फिरवली: चादर, वायरी, दोन उंच खोके, दाराशी बांबू. "तुम्हीच ऐकलं ना, काय म्हणाली ती."

स्वतःच्याच कागदानं वावर गमावलेली माणसं हिंमतरावांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. ती माणसं नंतर बांधावर बसून राहत, कोणाशी भांडत नसत. ते पलंगाच्या कडेला बसले.

"शेखरच्या माय, जाशीन का पुण्याले?"

भुवई हलली नाही. म्हणजे हो की नाही, ते त्यांना वाचता येईना. आवाजाच्या बाबतीत ती भुवई काय म्हणते हे त्यांना आता पाठ झालं होतं. बाकीच्या बाबतीत त्यांनी तिला आजवर फारसं काही विचारलंच नव्हतं.

"तुम्हालाही नेतो मागाहून," शेखर म्हणाला. "जागेचं बघतो काहीतरी."

गाडी गल्लीत येईना. जमलेल्यांच्या मोटारसायकली उभ्या होत्या. शेखरनं गाडीतून आणलेलं स्ट्रेचर हातांनीच रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. खांदा द्यायला म्हणून आलेले लोक होतेच. "खाली धरा, खाली," शेखर सांगत होता, पण उचललं की हात आपोआप खांद्यापर्यंत जात. कोणी सांगितलं नसताना सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. मागून एका म्हाताऱ्यानं पुटपुटायला सुरुवात केली तेव्हा दीपकरावांनी त्याच्या दंडाला धरलं. गल्लीतल्या दुकानदारानं अर्धं शटर खाली ओढलं. हिंमतराव पंप छातीशी धरून मागून चालत गेले, तो गाडीत ठेवला, गादीची नळी जोडून दाखवली, आणि दार लागल्यावर काचेतून काही दिसतं का ते पाहिलं. काच काळी होती.

ते परत आले तेव्हा खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. इतके महिने पंपाची घूं घूं होती, हे ती गेल्यावर कळलं.

दिवे लागायच्या वेळी युसूफभाई सामान न्यायला आले. युसूफभाईंनी वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळत गुंडाळत ते भिंतीपर्यंत गेले आणि तिथं वाकून उभे राहिले.

"हिंमतराव, हे तुमी काढलं का?"

ॲम्पचा प्लग बोर्डाबाहेर, जमिनीवर पडला होता.

"मी हातबी नाई लावला."

"मंग सारिकाचा पाय अडकला तवाच निघालं." युसूफभाई प्लग हातात घेऊन खाली बसले. "म्हंजे भाबी बोलल्या तवा..."

हिंमतरावांनी आठवून पाहिलं. चादर पडली. बाई किंचाळली. नाडी, आरसा, बांबू, शेखर. अध्याय त्यात कुठंच नव्हता. टू वेही नाही, थ्री वेही नाही.

"आपणच," युसूफभाई म्हणाले.

तेवढ्यात सारिका आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. ज्या घरचं माणूस जातं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकर करून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. सकाळी मेसेज आल्याबरोबर तिनं पीठ भिजवून ठेवलं होतं. पीठ वाया जाऊ देणं तिच्या जिवावर आलं होतं, आणि आणून देणंही. "नुसतं जेवण म्हणून घ्या काका," ती म्हणाली, आणि हिंमतरावांकडे न पाहता ताट ठेवून निघून गेली.

हिंमतराव ताटासमोर बसून राहिले. अशा वेळी पहिला घास घरच्या माणसानं स्वतः घ्यायचा नसतो, कोणीतरी भरवायचा असतो. हे युसूफभाईंना माहीत होतं. इतक्या घरी बॉक्स नेऊन नेऊन त्यांनी ते दारातून पाहिलेलं होतं. त्यांनी हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि हिंमतरावांच्या तोंडापुढे धरला.

"भाबी जित्या हायेत," ते म्हणाले. "तुमी भुकेले आहात म्हणून देऊन राह्यलो."

हिंमतरावांनी तोंड उघडलं. मग युसूफभाईंनी स्वतःलाही एक तुकडा घेतला. भाकर कडक झाली होती. पहिलाच घास दाताखाली कुडकुडला, तसे दोघं थांबले, एकमेकांकडे पाहिलं, आणि मग आवाज होऊ न देता, अगदी हळूहळू चावत राहिले.